वर्ध्याचा पांडुरंग आणि मेक्सिकोचा मका



या वेळचा पाठ एका माणसाच्या चरित्राचा आहे. पण त्याआधी आमच्या रेडीत गेल्या मे महिन्यात काय झालं ते सांगते, म्हणजे हाच माणूस का निवडला ते तुमच्या लक्षात येईल.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील घरी आले होते. काजूचा हंगाम संपत आलेला, पावसाआधी आंबा उतरवायची घाई, आणि तशात लेकीची बारावी झालेली. तिला उद्यानविद्येला जायचं होतं. चार वर्षांची पदवी. कुडाळ तालुक्यातल्या मुळद्याच्या महाविद्यालयात नंबर लागला तर बरंच, नाहीतर दापोलीला. वडिलांचं म्हणणं अगदी सरळ होतं. आळी करणं, शेणखत घालणं, कलम बांधणं, बोंडं वेचून बी सुकवणं, हे सगळं ती लहानपणापासून घरी करतेच आहे. जे परसात फुकट शिकता येतं त्यासाठी फी भरून चार वर्षं घालवायची कशाला? माणूस शिकतो तो वाडीतून बाहेर पडण्यासाठी. शिकून परत वाडीतच यायचं, तर मग शिकायचं कशाला?

खरं सांगते, मला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मीच दुसरीकडे वळवलं होतं. मार्क चांगले आहेत, उगाच शेतीबितीत अडकू नकोस, असं मीच त्याला समजावलं होतं. तो आज गोव्यात एका कारखान्यात रात्रपाळी करतो आणि सुट्टीला आला की आधी आपल्या काजूच्या झाडांत जातो, मग घरात शिरतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. देता आला असता.

त्या दिवशी चहा होईपर्यंत मी त्या बाबांना डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची गोष्ट सांगायला घेतली. चहा गार झाला, गोष्ट काही संपली नाही. तीच इथे जरा सविस्तर देते. तुम्ही ती वर्गात सांगा, पालक सभेत सांगा.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. जन्म १८८० च्या दशकातला. वडील अर्जनवीस होते, म्हणजे कोर्टकचेरीत येणाऱ्या लोकांचे अर्ज लिहून देणारे. आज हा शब्द मुलांना माहीत नसतो, तो मुद्दाम समजावून सांगा. ज्या घरात रोज दुसऱ्यांच्या तक्रारी कागदावर उतरतात त्या घरातल्या मुलाला राज्य कसं चालतं ते लवकर कळतं. पांडुरंगाच्या शाळेच्या वयात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावर आले. अन्नावाचून माणसं मरताना त्या पिढीने पाहिली. पुढे हा मुलगा बंदुकीकडे वळला आणि नंतर कणसाकडे वळला, या दोन्हींचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

प्राथमिक शिक्षण वर्ध्याला, पुढचं नागपूरला. टिळकांच्या विचारांनी भारावलेला तो काळ होता. शिकून नोकरी करावी, लग्न करून संसाराला लागावं, ही घरची साधी अपेक्षा. मुलाच्या डोक्यात मात्र एकच: इंग्रजांना घालवायचं तर लष्करी शिक्षण हवं, आणि ते इंग्रजांच्या राज्यात मिळणार नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो जहाजाने निघाला. जपान गाठलं आणि तिथून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेचा पश्चिम किनारा. सॅन फ्रान्सिस्को शहर तेव्हा १९०६ च्या भूकंपातून आणि आगीतून पुन्हा उभं राहत होतं. हातात पैसा नाही, ओळख नाही. पडेल ती मजुरी करून तो राहिला आणि त्या मजुरीतूनच शिकला.

वर्गात हा भाग सांगताना मी जगाचा नकाशा भिंतीवर लावते आणि एक लाल दोरा घेते. वर्ध्याला पहिली टाचणी. दोरा किती लागेल याचा अंदाज मुलांकडूनच घ्या. सगळ्यांचा अंदाज चुकतो, कारण हा दोरा पृथ्वीला जवळजवळ पूर्ण वेढा घालून नागपूरला परत येतो.

कॅलिफोर्नियात सॅन राफाएल इथल्या लष्करी शाळेत त्याने कवायत आणि शस्त्रांचं शिक्षण मिळवलं. ज्यासाठी घर सोडलं ते काम झालं. पण याच काळात तो शेतीही शिकत होता, आणि आपला विषय तोच आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला. सरकारने प्रत्येक राज्याला जमीन दिली आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला सांगितलं. तोवर कॉलेज म्हणजे धर्मशास्त्र, कायदा, लॅटिन-ग्रीक. आता शेतकऱ्याचा मुलगा कॉलेजात जाऊन माती, बी आणि कीड यांचं शास्त्र शिकू लागला. या कॉलेजांची एक खास पद्धत पुढे ठरून गेली: शिकवायचं, संशोधन करायचं आणि जे सापडेल ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायचं. तिन्ही कामं एकाच संस्थेने करायची. आपल्याकडे १९६० नंतर जी कृषी विद्यापीठं निघाली ती याच नमुन्यावर. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीचं, १९७२ साली दापोलीचं. पदवीच्या शेवटच्या वर्षी उद्यानविद्येची मुलं गावात येऊन राहतात, शेतकऱ्यांना बोर्डो मिश्रण करून दाखवतात, माहितीचे तक्ते लावतात आणि आपण त्यांना कौतुकाने कृषिदूत, कृषिकन्या म्हणतो, ती पद्धतही याच विचारातून आलेली आहे.

खानखोजे शिकले ते वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावच्या अशाच शेतकी कॉलेजात. १९१३ साली तिथून पदवी घेतली. पुलमन हे साधं गाव नव्हे. ग्रेगर मेंडेलने वाटाण्यावर केलेले प्रयोग पस्तीस वर्षं विस्मृतीत गेले होते आणि १९०० साली युरोपात ते पुन्हा उजेडात आले. नेमक्या त्याच सुमारास पुलमनमध्ये विल्यम स्पिलमन नावाचे प्राध्यापक गव्हाचे संकर करत होते आणि पुढच्या पिढीत कोणते गुण किती प्रमाणात येतात याची मोजदाद करताना तेही स्वतंत्रपणे मेंडेलच्याच नियमांपाशी येऊन पोचले होते. खानखोजे तिथे गेले तेव्हा स्पिलमन कॉलेज सोडून गेलेले होते, पण गव्हाची ती परंपरा तिथे चालू होती. दोन झाडांचे गुण हिशेबाने एकत्र आणता येतात, हे त्या काळात जगात मोजक्या ठिकाणी शिकवलं जात होतं, आणि वर्ध्याच्या अर्जनविसाचा मुलगा त्यातल्या एका ठिकाणी जाऊन बसला होता.

इथे बाबांनी मला मध्येच अडवलं. त्यांना विचारायचं होतं की त्याची फी कोणी भरली. प्रश्न बरोबर होता, मलाच तो आधी सुचायला हवा होता. उत्तर हे की कोणीच भरली नाही, त्याने मजुरी केली. त्या काळात ओरेगॉन आणि वॉशिंग्टनच्या लाकूड गिरण्यांत, फळबागांत, रेल्वेच्या रुळांवर हजारो हिंदी मजूर राबत होते, बहुतेक पंजाबी. खानखोजे त्यांच्यात मिसळले. पोर्टलंडमध्ये पंडित काशीराम यांच्यासोबत १९०८ च्या सुमारास त्यांनी स्वातंत्र्याच्या कामासाठी एक संघटना उभी केली. दिवसा वर्ग, सुट्टीत गिरणी, आणि रात्री मजुरांच्या बराकीत सभा. पुढे १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला तेव्हा खानखोजे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते आणि लढाऊ बाजूची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं. इंग्रज युरोपात गुंतले आहेत, हीच वेळ आहे, असं ठरवून गदरचे लोक परत फिरले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे, तोही अमेरिकेत इंजिनियरिंग शिकायला गेलेला, हिंदुस्थानात परतला, पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा आणि इतर साथीदारांबरोबर फासावर गेला. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले: तुर्कस्तान, मग इराण. तिथून बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात लढा न्यायचा असा बेत होता. इराणमधली ती वर्षं सांगायची तर वेगळा पाठ होईल. वाळवंट, टोळ्या, चकमकी, जखमा, कैद, कैदेतून पळणं. मुलांना हा भाग फार आवडतो आणि ते तिथेच अडकतात. त्यांना अडकू द्या, पण पुढे न्या. कारण बेत फसला. युद्ध संपलं, इंग्रज जिंकले. खानखोजे बर्लिनला गेले, १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय वगैरे क्रांतिकारकांसोबत मॉस्कोला जाऊन आले. मदत कुठेच मनासारखी मिळाली नाही.

आता हा माणूस चाळिशीला आला होता. मायदेशी परतणं शक्य नाही, कारण नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत. सैन्य नाही, पैसा नाही, संसार नाही. अशा वेळी त्याच्याजवळ काय उरलं होतं? शेतीची पदवी. लढाईच्या तयारीच्या दिवसांत, जवळजवळ जोडधंदा म्हणून मिळवलेली.

१९२४ साली ते मेक्सिकोला पोचले. मेक्सिको नुकताच दहा वर्षांच्या राज्यक्रांतीतून बाहेर पडला होता. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटायचं काम चाललं होतं, आणि जमीन हातात आलेल्या शेतकऱ्याला ती कसायला शिकवणारी माणसं हवी होती. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो इथे एका जुन्या जमीनदाराच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी शाळा भरत होती. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. स्पॅनिश भाषेत शिकवायचं, आणि समोर बसलेली मुलं शेतकऱ्यांची.

मेक्सिको म्हणजे फार लांबचं काहीतरी, असं आपल्याला वाटतं. तुमच्या परसात एकदा नजर फिरवा. दसऱ्याला दारात बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. चिकू तिकडचा, देवळापुढचा खुरचाफा तिकडचा, पपई तिकडची. मिरचीशिवाय आपलं सांबारं होत नाही, ती मिरची मेक्सिकोची. पेरू, सीताफळ, अननस हेही अमेरिका खंडातूनच आले, आणि ज्या काजूवर आपली घरं चालतात तो ब्राझीलहून पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. आपला यशवंतगडही काही वर्षं त्याच पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तेव्हा रेडीच्या मुलाला मेक्सिकोचा पाठ शिकवताना सुरुवात परसापासून करायला हरकत नाही. मी मुलांना घरून एकेक पान आणायला सांगते आणि त्यातली परदेशी पानं वेगळी काढते. टेबलावर देशी पानांचा ढीग लहानच राहतो.

मका हे मेक्सिकोचं स्वतःचं धान्य. आपल्याला भात तसा त्यांना मका. तिथल्या उंच पठारावर दहिवर पडतं, पाऊस बेभरवशाचा, माती हलकी. खानखोजे यांनी कामासाठी हेच पीक धरलं. काम कसं चालतं ते मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतं, शाळेच्या आवारात मक्याची दहा-बारा ताटं लावा म्हणजे झालं. ताटाच्या शेंड्याला तुरा येतो, तो नर. बगलेतून कणीस फुटतं, त्याच्या टोकाला रेशमासारखे केस लोंबतात, ती मादी. प्रत्येक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातली पूड त्या केसावर पडली तर दाणा भरतो, नाहीतर जागा रिकामी राहते. म्हणूनच कधीकधी कणसात मधेच दात पडल्यासारखे दाणे नसतात. आता संकर करायचा तर केस बाहेर पडायच्या आधी कणसावर कागदी पिशवी बांधायची, दुसऱ्या निवडलेल्या ताटाच्या तुऱ्यातली पूड पिशवीत गोळा करायची, ठरल्या दिवशी केसांवर झटकायची, पुन्हा पिशवी बांधायची आणि वहीत लिहून ठेवायचं. कोणाची पूड, कोणाचं कणीस, कोणती तारीख. मग ते दाणे पुढच्या हंगामात पेरायचे. शंभरातली नव्वद ताटं बिनकामाची निघतात. उरलेल्या दहांवर पुन्हा तेच, वर्षानुवर्षं.

मक्याचा एक रानटी भाऊबंद आहे, तेओसिंते. त्याचं कणीस म्हणजे जेमतेम बोटाएवढं, पाच-दहा टणक दाण्यांचं. खायला निरुपयोगी, पण झाड काटक आणि त्याला फुटवे भरपूर. खानखोजे यांनी मका आणि तेओसिंते यांचा संकर केला. एका ताटाला अनेक कणसं लागावीत, थंडी आणि अवर्षण सोसावं, हा उद्देश. १९३० साली चापिंगोहून त्यांची मक्याच्या नव्या वाणांवरची पुस्तिका निघाली. एका वाणाला त्यांनी ग्रानादा असं नाव दिलं, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ डाळिंब. मक्याबरोबर गहू आणि कडधान्यं यांवरही त्यांनी काम केलं.

हे ऐकताना बाबा जरा पुढे सरकून बसले. मग मी त्यांना त्यांच्याच झाडांबद्दल विचारलं. घरामागची कलमं कोणती? वेंगुर्ला चार, त्यांना पक्कं माहीत होतं. हा चार नंबर आला कुठून, हे मात्र माहीत नव्हतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात बंगालमधल्या मिदनापूरचं एक झाड आणि आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या वेतोरे गावातलं निवडलेलं एक झाड, त्याची नोंद वेतोरे-५६ अशी, यांचा संकर करून १९८१ साली वेंगुर्ला-४ निघाला. त्याच वर्षी त्याच केंद्रातून रत्ना आंबा आला, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून सिंधू, अगदी पातळ कोयीचा. कुणीतरी मोहोरावर पिशवी बांधून, वहीत तारीख लिहून, फळ धरायची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. मक्याची नवी पिढी एका हंगामात दिसते. आंब्याला तेवढ्यासाठी अर्धी नोकरी जाते. कलम बांधायला बाबांनी मुलीला शिकवलं, आणि ते त्यांच्याइतकं छान कॉलेजात शिकवतील असं मला वाटत नाही. पण कशावर काय बांधायचं हे कुणी ठरवलं, हा प्रश्न त्यांच्या परसात आजवर निघालाच नव्हता.

असो, पुन्हा चापिंगोला जाऊ. कृषी शाळेत जी मुलं येत होती त्यांच्यापलीकडे लाखो शेतकरी होते ज्यांना शाळेत यायला सवड नव्हती, पैसे नव्हते, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी खानखोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त कृषी शाळा काढल्या. फी नाही, प्रवेशाची अट नाही. एका शाळेला मेक्सिकोचा शेतकरी पुढारी एमिलियानो झापाता याचं नाव दिलं. मला स्वतःला या माणसाच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. लाकूड गिरणीच्या बराकीत रात्री मजुरांना गोळा करून बोलण्याची सवय इथे कामाला आली असणार. फरक इतकाच की तेव्हा बोलणं बंदुकीचं होतं, आता बियाण्याचं.

त्या काळच्या मेक्सिकोत मोठमोठे चित्रकार सरकारी इमारतींच्या भिंती रंगवत होते. दिएगो रिवेरा त्यांत अग्रणी. चापिंगोच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंतीही त्यानेच रंगवल्या. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याचं एक भित्तिचित्र आहे, आमची भाकरी अशा अर्थाचं. टेबलाभोवती माणसं बसली आहेत आणि मध्यभागी बसलेला माणूस सगळ्यांसाठी भाकरी मोडतो आहे. तो माणूस खानखोजे. हे चित्र इंटरनेटवर सापडतं. आधी कोण आहे ते न सांगता मुलांना दाखवा आणि हा कुठला माणूस असेल ते विचारा. तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनी खानखोजे यांच्या मक्याचे आणि शाळांचे फोटो काढले होते, तेही दाखवण्यासारखे आहेत.

१९३६ साली पन्नाशी गाठलेल्या खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. मोठीचं नाव सावित्री, धाकटीचं माया. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलींची ही नावं मला नेहमी थांबवतात. सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मराठीत वीणा गवाणकरांचं चरित्र आहे. एक होता कार्व्हर लिहिणाऱ्या त्याच त्या. शाळेच्या ग्रंथालयात कार्व्हर असतोच, खानखोजे शोधावा लागतो. एवढी एक तक्रार नोंदवून ठेवते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४९ साली मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं. चाळीसहून जास्त वर्षांनी हा माणूस मायभूमीवर उतरला, आणि विमानतळावर त्याला अडवण्यात आलं. इंग्रज गेले होते, पण त्यांची काळी यादी टेबलावर तशीच होती आणि त्यात खानखोजे हे नाव होतं. ज्या राज्याविरुद्ध लढला ते संपलं, आणि त्याच्या कागदाने स्वतंत्र देशाच्या दारात त्याला थांबवलं. शेवटी सुटका झाली, काम झालं, अहवाल झाला. १९५० च्या दशकात ते कुटुंबासह कायमचे नागपूरला आले. इथे त्यांना चापिंगोसारखी प्रयोगशाळा मिळाली नाही, शेतंही मिळाली नाहीत. उतारवयाची ती वर्षं ओढाताणीतच गेली. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं.

आता एक सावधगिरीची गोष्ट, शिक्षकांसाठी खास. काही ठिकाणी खानखोजे यांना हरितक्रांतीचे जनक म्हटलेलं आढळतं. मुलांना असं सांगू नका. हरितक्रांतीचा बुटका गहू नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत आले, खानखोजे यांच्यानंतर वीस वर्षांनी. मात्र त्यांचं कामही ज्या जागी चाललं त्यांत चापिंगो होतं, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शास्त्र शिकवण्याची तिथली घडी खानखोजे यांच्यासारख्यांनी आधी बसवलेली होती. एवढं खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या वाणांचं. त्या रब्बीत ते पेरलं गेलं. जानेवारीत खानखोजे गेले तेव्हा उत्तरेत मेक्सिकोचा गहू शेतात उभा होता.

चापिंगो आता विद्यापीठ आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तिथे खानखोजे यांचा पुतळा बसवला, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला त्यासाठी गेले होते. नकाशावरच्या दोऱ्याला तिथे एक टाचणी लावाच.

बाबा उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुळद्याबद्दल काही बोलले नाहीत. फी किती, वसतिगृह आहे का, एसटी कुठून मिळते, हे मात्र विचारून कागदावर लिहून घेतलं. खळ्यातून उतरताना पुन्हा मागे वळून त्यांनी एकच विचारलं: वेतोऱ्यात ते झाड नेमकं कोणाच्या जागेत होतं? मला सांगता आलं नाही. लेकीला विचारायला लावतो, असं म्हणून ते निघाले.